जुन्या गाडीचा जाम झालेला पुढचा शॉकअप : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपती आटोपले की दरवर्षी हे प्रश्न यायला लागतात. गावी गेलेल्या कुणाला तरी पडवीत वडिलांची किंवा आजोबांची गाडी दिसते, हँडलवर जोर दिला तर पुढचा भाग दगडासारखा, आणि मग फोटोसकट निरोप येतो. जावा, येझदी, बुलेट, आरएक्स १००, राजदूत यांच्याबद्दल जे पुन्हा पुन्हा विचारलं गेलं, ते इथे एकत्र केलंय.

शब्दांपुरतं एवढं ध्यानात ठेवा. क्रोम केलेली आतली नळी म्हणजे पाइप. ज्यात ती सरकते आणि ज्याला चाकाचा एक्सल बसतो तो बॉटम. दोन्ही पाइप वर धरून ठेवणारा भाग म्हणजे टी. पाइप आणि बॉटम मिळून एक पाय.

१. शॉकअप जाम आहे की नुसता कडक झालाय, हे कसं ओळखायचं?

गाडी स्टँडवरून उतरवा, पुढचा ब्रेक धरा आणि हँडलवर अंगाचा भार टाका. धड शॉकअप बुडतो आणि सावकाश वर येतो. तुमचा हलतच नसेल, किंवा बुडून तिथेच बसत असेल, तर तीनपैकी एक गोष्ट झालेली असते: पाइप आणि बॉटम गंजाने एकमेकांना चिकटलेत, पाइप वाकलाय, किंवा दोन पाय एकमेकांना समांतर राहिलेले नाहीत.

ही तिसरी गोष्ट कुणाच्या मनात येत नाही. माझ्याकडे "जाम" म्हणून आलेल्या गाड्यांत मात्र तीच सगळ्यांत जास्त निघाली. कुणीतरी कधीतरी चाक काढून बसवताना एक बॉटम आत ओढून आवळलेला असतो. म्हणून हातोडा उचलण्याआधी गाडी जागेवरच ठेवून एक्सलचा नट, बॉटमवरचा पिंच बोल्ट (एक्सलला आवळून धरणारा) आणि मडगार्डचे बोल्ट सैल करा, काढू नका. आता पुन्हा दाबून बघा. हलला, तर खोलायची गरज नाही, थेट प्रश्न १२ वर जा.

हँडल वळायला जड जात असेल किंवा मध्येच अडकत असेल, तर तो कोनसेटचा, म्हणजे हँडल ज्या गोळ्या-वाट्यांवर फिरतं त्यांचा, दोष. शॉकअपशी त्याचा संबंध नाही.

२. गाडी नुसती उभी होती, कुणी चालवलीही नाही. मग जाम कशी झाली?

उभी होती म्हणूनच. चालत्या गाडीत पाइप सतत वरखाली होतो आणि त्यावर ऑइलचा पातळ थर राहतो. उभ्या गाडीत हा थर ओघळून जातो. ऑइल बाहेर गळू न देणाऱ्या ऑइल सीलचं रबर सुकतं, भेगाळतं, आणि पावसाची दमट हवा आत शिरते. सीलच्या ओठाखाली ओल धरून राहते, आणि क्रोम सगळ्यांत आधी तिथेच फुटतं. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. पाइप आणि बुश (सरकताना पाइपला आधार देणारी बांगडी) यांच्यातली फट मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकी, त्यामुळे ती भरायला फार गंज लागत नाही.

बॉटम अॅल्युमिनियमचा असेल तर आणखी एक भानगड. स्टीलचा पाइप, अॅल्युमिनियमचा बॉटम आणि मध्ये खारट ओल, म्हणजे एक छोटी बॅटरीच. त्यात झिजतं अॅल्युमिनियम, आणि त्याची पांढरी भुकटी चुन्यासारखी घट्ट बसते. मालवण, रत्नागिरी, अलिबागकडच्या गाड्या खोलल्या की ही भुकटी हमखास दिसते. विदर्भातल्या गाड्यांत तेवढी नसते, पण तिथे ऑइल आटून डांबर झालेलं सापडतं.

बॉटमच्या तळाशी पाणी साठलेलं असतं तेही बघा. ऑइलपेक्षा पाणी जड, ते खाली बसतं आणि पाइपचा खालचा टोक-बुश खातं.

३. गॅरेज चार किलोमीटरवर आहे. तशीच चालवत नेली तर?

टेम्पोत घालून न्या. शॉकअप काम करत नसेल तर खड्ड्याचा प्रत्येक दणका थेट टी आणि फ्रेमच्या मानेवर जातो, कोनसेटच्या वाट्यांत गोळ्यांचे खळगे पडतात. ब्रेक मारल्यावर चाक रस्ता सोडून उड्या मारतं, ते वेगळंच.

४. हे काम घरी जमेल का? काय काय लागेल?

पाने नीट धरता येत असतील आणि घाई नसेल, तर जमेल. पाने-एलन कीचा संच, भिंतीला किंवा जड टेबलाला बसवलेला व्हाइस, हीट गन, व्हर्नियर (व्यास मोजायचं साधन), रबरी हातोडा, आणि एक सपाट काच. काच जुन्या खिडकीची चालेल, ती प्रश्न १० मध्ये लागते. शिवाय पाइप धरायला लाकडी जबडा: लेथवाल्याकडून लाकडाच्या ठोकळ्याला पाइपच्या मापाचं भोक पाडून घ्या, ठोकळा मधोमध चिरा, आत सायकलच्या ट्यूबची पट्टी चिकटवा. पाइप कधीही नुसत्या व्हाइसमध्ये धरू नका, आणि पाइप-पाना तर जिथे सील सरकतं त्या भागाला लावूच नका. एक ओरखडा आला तरी नवं सील आठवड्यात गळायला लागतं.

५. खोलायला कुठून सुरुवात करायची? वरची टोपी काढू का आधी?

आधी गाडीचं पुढचं चाक अधांतरी येईल असा इंजिनखाली भक्कम ठोकळा द्या. मग चाक, ब्रेक प्लेट, मडगार्ड. दोन्ही पाय टीमधून बाहेर काढण्याआधी वरच्या टोपीचा नट अर्धा फेरा सैल करून ठेवा. नंतर पाय हातात आल्यावर तो सुटत नाही.

टोपी पूर्ण काढताना मात्र जपून. पाय दबलेल्या अवस्थेत जाम झाला असेल, तर आतली स्प्रिंगही पूर्ण दबलेली आहे. शेवटच्या आट्याला टोपी गोळीसारखी सुटते. वरून जाडं फडकं दाबून धरा, तोंड बाजूला ठेवा, आटे सावकाश सोडा. स्प्रिंग बाहेर आल्याशिवाय जाम पाय सोडवायचं काहीही, म्हणजे प्रश्न ६ मधलं, करायचं नाही. जाम सुटला आणि स्प्रिंग आत असली, तर पाइप तुमच्या हनुवटीवर येतो.

डावा आणि उजवा पाय वेगवेगळ्या ट्रेमध्ये ठेवा. वॉशरचा क्रम फोनवर टिपून घ्या. हे सांगून लोक कंटाळतात, तरी "एक वॉशर उरलाय, कुठला?" हा निरोप दरवर्षी येतोच.

६. स्प्रिंग काढली, सील धरणारी तारेची कडी (सर्क्लिप) काढली, खालचा बोल्ट काढला. तरी पाइप बॉटममधून हलत नाही. आता?

आता थांबा. एका येझदीच्या पायावर मी अधीरपणे घणाचे घाव घातले आणि एक्सलच्या कानाला चीर पाडली. पाइप तसाच आत राहिला. तसा बॉटम पुन्हा मिळवायला मला दोन वर्षं लागली.

काही गाड्यांत सील सर्क्लिपऐवजी आट्यांच्या टोपीने धरलेलं असतं. ती टोपी राहून गेली नाही ना, ते आधी बघा.

मग भिजवणं. पाय उभा धरून सीलच्या वरच्या खोलगट वाटीत ऑइल भरा. दुसऱ्या दिवशी खालच्या बोल्टच्या भोकातून आत ऑइल ओता. घरचं मिश्रण करायचं तर निम्मं एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) आणि निम्मं अॅसिटोन, प्रत्येक वेळी हलवून, कारण दोन्ही लगेच वेगळी होतात. ते पेट घेतं आणि रंग उतरवतं, म्हणून उघड्यावर आणि रंगीत भागापासून लांब. डब्ल्यूडी-४० च्या नावातली अक्षरं पाणी हटवण्यासाठी आहेत. ओल काढायला तो उत्तम, पण खोलवर झिरपायला त्याच्यावर विसंबू नका. किती दिवस? चार, आठ, कधी पंधरा. रोज सकाळ-संध्याकाळ ऑइल घाला आणि बॉटमवर रबरी हातोड्याने गोल फिरत हलके टोले द्या. टोले पाइप ढकलण्यासाठी नाहीत, भुकटीला तडे जावेत म्हणून आहेत.

त्यानंतर उष्णता. अॅल्युमिनियम स्टीलच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. ३५ मिमी व्यासाच्या जोडीला ३० अंशांवरून १०० पर्यंत नेलं, तर दोन्ही सारखे तापूनही सुमारे ०.०२७ मिमी फट वाढते. पाइप थंड ठेवता आला तर साधारण ०.०५६ मिमी. केसाएवढीसुद्धा नाही, पण आत शिरलेल्या ऑइलला तेवढी पुरते. त्यासाठी बॉटमवर उकळतं पाणी ओतणं हा सगळ्यांत सुरक्षित मार्ग, तापमान १०० च्या वर जाऊच शकत नाही. पाइपमध्ये वरून बर्फाचे तुकडे सोडता आले तर आणखी चांगलं. हीट गन वापरत असाल तर अॅसिटोन पूर्ण उडाल्यावरच, आणि आधी आतलं ऑइल निथळून. बॉटमवर पाण्याचा थेंब चर्रकन उडाला की पुरे. बॉटम लोखंडी असेल तर दोन्ही धातू सारखेच फुगतात, तिथे पाइप थंड ठेवल्याशिवाय उष्णतेचा फारसा उपयोग नाही.

आता ओढू नका, पिळा. पाइप लाकडी जबड्यात, बॉटममध्ये जुना एक्सल आडवा, आणि तो दोन्ही हातांनी डावीकडे, उजवीकडे. पहिल्यांदा करकर आवाज होऊन दोन-तीन अंश फिरतो. तो आवाज ऐकला की मला चहा आठवतो, म्हणजे अर्धा तास विश्रांती, पुन्हा ऑइल. पूर्ण फेरा फिरायला लागला की पाइप आत ढकलून झटक्याने बाहेर ओढा. पाइप स्वतःच हातोड्याचं काम करतो आणि सील-बुश सोबत घेऊन येतो.

७. खालचा एलन बोल्ट सुटत नाही, नुसता गोल फिरतो.

बोल्टसोबत आतला डँपर रॉडही (बोल्ट ज्यात बसतो ती, उसळी आवरणारी दांडी) फिरतोय. स्प्रिंग अजून काढली नसेल तर पाय दाबून धरा, स्प्रिंगच्या दाबाने रॉड धरला जातो, आणि बॅटरीवरच्या इम्पॅक्ट गनने एक झटका द्या. बहुतेकदा सुटतो. पाय जाम असल्यामुळे दाबता येत नसेल, तर स्प्रिंग काढून जुन्या झाडूचा लाकडी दांडा टोकाला निमुळता तासा आणि वरून पाइपात ठोकून रॉडच्या तोंडात रुतवा. एकाने दांडा धरायचा, दुसऱ्याने बोल्ट फिरवायचा. बोल्टचा षट्कोन आधीच गोल झाला असेल, तर डोकं ड्रिलने उडवणं बरं. खालचा तांब्याचा वॉशर कधीही जुना वापरायचा नाही.

८. मेकॅनिक म्हणतो गॅस कटरने लाल करू, लगेच सुटेल. करू द्यावं?

नाही. अॅल्युमिनियम लाल होऊन इशारा देत नाही, ६६० अंशांच्या आसपास सरळ वितळतं, आणि त्याच्या खूप आधीच त्याची ताकद गेलेली असते. पाइप तापला तर क्रोम सुटतं आणि पाइपचं स्टील मऊ पडतं. मऊ पडलेला पाइप बाहेरून चांगला दिसतो, म्हणूनच मला त्याची जास्त भीती वाटते. शिवाय दोन्ही बाजूंनी बंद पायात ऑइल राहिलं असेल तर तो फुटतो.

९. ग्रीसगन लावून पाइप बाहेर काढता येतो असं ऐकलंय. खरं का?

खरं आहे, पण सगळे उपाय थकल्यावर. स्प्रिंग काढून वरची टोपी परत घट्ट लावतात, पाय पूर्ण ग्रीसने भरतात आणि खालच्या ड्रेनच्या किंवा बोल्टच्या भोकात ग्रीस निपल (ग्रीसगन लावायचं तोंड) बसवून पंप मारतात. ३५ मिमीच्या पाइपचं क्षेत्रफळ साधारण ९६२ चौरस मिमी. १०० बार दाब आला तर पाइपावर जवळपास एक टनाचा जोर पडतो. हाताच्या ग्रीसगनला एवढा दाब अवघड नाही.

जोखीम याच आकड्यात आहे. पातळ किंवा चीर गेलेला बॉटम एवढ्याने फुटू शकतो. आत हवा अजिबात राहता कामा नये, कारण दबलेली हवा सुटताना स्फोटासारखी सुटते. ग्रीस दबत नाही, त्यामुळे पाइप हलला की जोर तिथेच संपतो. याच कारणासाठी कंप्रेसरची हवा कधीही लावू नका, कितीही सोपं वाटलं तरी. समोर उभं राहू नका. पाइप निघाल्यावर ग्रीसचा कणन् कण डिझेलने धुऊन काढा, नाहीतर डँपरची भोकं तुंबतात.

१०. पाइप वाकलाय की नाही, घरी कसं कळेल? सरळ करून घ्यावा का?

काचेवर ठेवून हळूहळू फिरवा आणि खालून उजेड बघा. वाकलेला पाइप फिरताना मध्ये प्रकाशाची फट उघडते आणि मिटते. माप हवं असेल तर व्ही ब्लॉकवर (खाचेच्या ठोकळ्यांवर) ठेवून डायल (काट्याचं मापक) लावा. डायल जेवढं दाखवेल त्याच्या निम्मा वाक, हे इथे फार जण चुकतात. बऱ्याच कंपन्यांच्या पुस्तकांत डायलवर ०.२ मिमीची मर्यादा दिलेली असते.

थोडा, लांबवर पसरलेला वाक थंड अवस्थेत प्रेसवर निघतो. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात किंवा भोसरीच्या वर्कशॉपांत ही कामं करणारे कारागीर आहेत. पण टीच्या खालच्या कडेशी एका जागी मुडपलेला, सुरकुती दिसणारा पाइप सरळ करून घेऊ नका. ज्याने एकदा सुरकुती घेतली, तो पुढच्या खड्ड्यात तिथेच तुटायची शक्यता. अपघातात पाइप वाकला असेल तर टीसुद्धा वाकली असणार, असं धरूनच तपासा.

११. गंजाचे खड्डे पडलेत. पॉलिश पेपर मारून चालेल का?

खड्डा कुठे आहे त्यावर. सील जिथे सरकतं त्या पट्ट्याच्या वर, टीच्या आत किंवा कव्हरखाली असेल तर साफ करून ऑइल लावा आणि विसरा. पट्ट्यात असेल तर नखाने तपासा. नख अडकत नसेल तर बारीक पेपरने, पाइपाभोवती गोल गोल घासून पॉलिश करा, लांबीच्या दिशेने नाही. नख अडकलं तर सील फाटणार. एखाददुसरा टाचणीच्या टोकाएवढा खड्डा इपॉक्सीने भरून २००० नंबरच्या पेपरने सपाट करता येतो. माझ्या स्वतःच्या गाडीत असा पाइप चालू आहे, पण हे ठिगळ आहे.

क्रोम करायचं ठरवलंत तर हार्ड क्रोम आणि त्यानंतर ग्राइंडिंग, असं स्पष्ट सांगा. सायलेन्सरवर असतं ते शोभेचं क्रोम मायक्रॉनच्या अंशाएवढं पातळ असतं, सीलच्या घासण्यापुढे ते टिकत नाही. एका प्लेटिंगवाल्याने मला पाइप आरशासारखे चमकवून दिले. बुश चढेना म्हणून व्हर्नियर लावला, तर व्यास वाढलेला. ग्राइंडिंग केलंच नव्हतं. तेव्हापासून देताना माप कागदावर लिहून देतो आणि घेताना दुकानातच मोजतो.

नवे पाइप पुण्यात नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला मिळतात. तिथेही व्हर्नियर घेऊन जा, पाइपच्या तीन ठिकाणी मोजा.

१२. सगळं नवं घातलं, पाय वेगवेगळे असताना मऊ चालतात. गाडीला जोडले की पुन्हा अडकतात!

हा तोच समांतरपणाचा घोटाळा (प्रश्न १). सगळे बोल्ट बोटाने लावून ठेवा, काहीच आवळू नका. दोन्ही पाइप टीमधून सारख्या उंचीवर आणून वरची आणि खालची टी आवळा. पाइपांवर काच आडवी टेकवा. चारही ठिकाणी टेकली तर ठीक, डुगडुगली तर टी पिळलेली आहे. मग चाक बसवा, एक्सलचा नट आवळा, पण पिंच बोल्ट मोकळा ठेवा. गाडी जमिनीवर घेऊन आठ-दहा वेळा जोरात दाबा. पिंच बोल्टच्या बाजूचा बॉटम एक्सलवर सरकत आपली जागा स्वतः शोधतो. आता पिंच बोल्ट आवळा. मडगार्ड शेवटी, आणि त्याची भोकं जुळत नसतील तर पाय ओढून जुळवू नका, भोक कानशीने लांबट करा. मडगार्ड पत्र्याचं आहे, त्याने पायांना हुकूम द्यायचा नाही.

१३. ऑइल कुठलं आणि किती?

तुमच्या मॉडेलच्या पुस्तकात दिलं असेल ते. पुस्तक नसेल तर एसएई २० च्या जवळपासचं फोर्क ऑइल (पुढच्या शॉकअपचं ऑइल) जुन्या, जड गाड्यांना बरं पडतं. एटीएफ पातळ आहे, हलक्या गाडीला चालतं. मापापेक्षा महत्त्वाचं म्हणजे दोन्ही पायांत सारखी पातळी. स्प्रिंग बाहेर, पाय पूर्ण दाबलेला, आणि वरच्या कडेपासून ऑइलपर्यंतची खोली पट्टीने मोजा. ऑइलच्या वर उरलेली हवा दुसऱ्या स्प्रिंगसारखी काम करते. ऑइल जास्त भरलंत तर हवेला जागाच उरत नाही, शॉकअप मध्येच दगड होतो आणि तुम्हाला वाटतं पुन्हा जाम झाला.

नवं सील घालताना पाइपच्या टोकावर प्लास्टिकची पिशवी चढवून तिला ऑइल लावा, म्हणजे कडेने ओठ कापत नाही. सीलची स्प्रिंगवाली बाजू ऑइलकडे, म्हणजे खाली. ठोकायला योग्य मापाचा पीव्हीसी पाइपचा तुकडा पुरतो.

१४. एकाच पायाला दोष आहे. एकच केला तर चालेल ना?

पाइप एकच बदला, हरकत नाही. सील, ऑइल आणि स्प्रिंग दोन्हीकडे.

१५. बुलेटचे पाय टीमधून खाली उतरतच नाहीत. ठोकून काढू?

अजिबात नाही! हेडलाइट आणि दोन टायगर लॅम्प धरणारं ते अॅल्युमिनियमचं ओतीव घर, ज्याला कॅस्केट म्हणतात, ते ज्या जुन्या बुलेटला आहे तिथे पाइप नुसता सरकवून बसवलेला नसतो. त्याचं वरचं टोक कॅस्केटमध्ये आट्यांनी फिरवलेलं असतं. खालच्या टीचा पिंच बोल्ट सैल करून पाइप फिरवून काढायचा. वरून हातोडा मारला की अॅल्युमिनियमचे आटे जातात, आणि कॅस्केट बदलणं म्हणजे गाडीचा चेहरा बदलणं. आटे गंजले असतील तर प्रश्न ६ मधली भिजवण्याची पद्धत इथेही तशीच.

१६. पाइप नवे घातले तर विंटेज नोंदणी मिळताना अडचण येईल?

जुलै २०२१ मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत केलेल्या बदलानुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या गाडीला "व्हीए" मालिकेचा क्रमांक मिळतो. मोठा फेरफार म्हणून नियमात उल्लेख आहे तो चॅसी, बॉडी आणि इंजिनचा. त्याच जातीचे पाइप ही माझ्या मते झीज भरून काढणं आहे. दुसऱ्या गाडीचा डिस्क ब्रेकवाला अख्खा फोर्क बसवलात तर मात्र "मूळ रूप" म्हणणं कठीण. जुने पाइप टाकून देऊ नका, बिलासकट ठेवा. आणि हा क्रमांक घेतल्यावर गाडी रोजच्या वापराला चालत नाही, प्रदर्शन, रॅली, इंधन, दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणता येते. १९८५ ला बाजारात आलेल्या आरएक्स १०० वाल्यांना तसंही २०३५ पर्यंत थांबावं लागेल.

१७. माझ्या जुन्या राजदूत १७५ मध्ये तुम्ही म्हणता तसा पाइप-बॉटम दिसतच नाही.

बरोबर, नसतोच. पोलंडच्या एसएचएल एम११ वरून घेतलेल्या त्या राजदूतचं पुढचं चाक झुलत्या फाट्यावर बसवलेलं आहे, आणि त्याला दोन बाजूंना वेगळे छोटे शॉकअप. तिथे जाम होतो तो फाट्याचा आस आणि त्याचे बुश, कारण ग्रीस निपलला वर्षानुवर्षं कुणी हात लावलेला नसतो. दोन्ही शॉकअप खालून सोडा आणि फाटा हाताने वरखाली करून बघा. अडत असेल तर आस काढून बुश बदला, निपलचं तोंड तारेने मोकळं करा आणि कडेने नवी ग्रीस बाहेर येईपर्यंत भरा.